मुकी आणि तोंडाळ

माझ्या नातवाला जुन्या सायकलींचं वेड आहे. साध्या नाहीत, डोंगरावर न्यायच्या, जाड टायरच्या, ज्यांना तो माउंटन बाइक म्हणतो आणि मी डोंगरी म्हणते. दुकानात नव्याकोऱ्या मिळत असताना हा कुणाच्या तरी गच्चीवर गंजत पडलेल्या शोधून आणतो, आमच्या पार्किंगमध्ये उलट्या करून ठेवतो आणि रविवारभर हात काळे करतो. मग एकेक सेमिनरी हिल्सच्या चढावर नेतो आणि घरी येऊन मला सांगत बसतो, ही वळणावर अशी वागते, ती उतारावर तशी वागते. घरातल्या बाकीच्यांना त्यात काडीचा रस नाही. मला आहे. मागच्या हिवाळ्यात मी त्याला म्हटलं, ऐकून ऐकून कान किटले, आता बसू दे मला एकीवर. सून धावत आली, पण तोवर माझी एक फेरी झालीसुद्धा होती. दुसरीवरही बसले. उतरून सांगितलं, "ही निळी मुकी आहे रे. आणि ती लाल तोंडाळ." तो बघतच राहिला, कारण हेच सांगायला त्याला अर्धा तास लागला होता.

शब्द माझे नाहीत, बाबांचे आहेत. हँडलला ते सायकलचं तोंड म्हणायचे. आपण जरा हात हलवला की लगेच उलट उत्तर देते ती तोंडाळ, आणि ढकललं तरी आपल्याच वाटेनं जाते ती मुकी. दोन्हीत वाईट काही नाही. खड्ड्यांच्या रस्त्याला मुकी बरी, बाजारात तोंडाळ बरी. माणसांचंही तसंच असतं, असं ते आईकडे बघत म्हणायचे आणि आई हातातलं लाटणं दाखवायची. हे लिहायला बसले ते खरं तर त्या एका हिवाळ्याबद्दल, ज्या हिवाळ्यात आमच्या घरातल्या दोन सायकलींनी आमच्याबद्दल आम्हालाच ठाऊक नसलेलं काही सांगून टाकलं. तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते.

छावणीच्या मागच्या बाजूला, एका पिठाच्या चक्कीला लागून आमच्या दोन खोल्या होत्या. चक्कीची ती टुकटुक सकाळी सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत, आणि कधी वीज गेली की तिच्याविना घर एकदम परकं वाटायचं. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पीठ बसायचं. आईचे केस मला आठवतात ते नेहमी कडेकडेनं पांढरे, आणि म्हातारपणी ते खरंच पांढरे झाले तेव्हा कुणाला वेगळं काही वाटलं नाही. घरभर गरम ज्वारीच्या पिठाचा वास असे. त्या वासात आई चुलीपुढं बसून बाबांचा डबा करायची: दोन भाकरी, कोरडा झुणका, वरून कच्चं तेल आणि एक कांदा, तो तिकडे जाऊन बुक्कीनं फोडायचा. कोराडी रोडवर, शहर संपून शेतं लागायची त्या अंगाला, पुलांचे गर्डर आणि लोखंडी सांगाडे बनवणारा एक कारखाना होता. बाबा तिथे क्रेन चालवायचे. छपराखाली रुळांवर धावणारी क्रेन, तिच्या पोटाशी लोंबणारी एक केबिन, त्या केबिनमध्ये बाबा. खाली उभे राहून हातानं इशारे करायचे ते गुलाबकाका. वर यंत्राचा एवढा गोंगाट, की खालून कुणी गळा फाडला तरी पोचत नसे. सगळा कारभार गुलाबकाकांच्या हातांवर आणि बाबांच्या डोळ्यांवर. तळवा आडवा केला की थांब, बोट खाली केलं की सोड. दोघं इतकी वर्षं एकमेकांशी असं बोलत आले होते, की आमच्या घरी चहाला बसले तरी गुलाबकाका तोंडानं "बस" न म्हणता तळवा आडवा करायचे.

घरात सायकली दोन. बाबांची काळी, चोवीस इंची, सळईच्या ब्रेकची, मागं एवढं रुंद कॅरियर की त्यावर पोतं आडवं बसावं. ती मुकी. चढावर तिला शिव्या घालत उभं राहून रेटावं लागे, पण एकदा का वेग धरला की खड्डा येवो, गिट्टी येवो, तिचं तोंड हलायचं नाही. हात सोडून दिले तरी घरचा रस्ता पकडलेल्या बैलासारखी नाकासमोर जायची. ब्रेक मात्र नावाचे; दव पडलं की सळया कुरकुरायच्या आणि सायकल चालतच राहायची. माझी मरून रंगाची, वाकड्या दांड्याची लेडीज सायकल, बदली होऊन गेलेल्या एका नर्सबाईंकडून घेतलेली. वायरचे ब्रेक, दाबले की जागच्या जागी उभी. पण तोंडाळ इतकी, की शिंक आली तरी दिशा बदलायची. मला ती आवडे. माझं तोंडही काही कमी नव्हतं.

शिकले मात्र मी काळीवर, आधी दांड्याखालून पाय घालून कैची, मग दांड्यावरून. आणि शिकताना एक गंमत झाली होती. मी डावखुरी. जेवतेसुद्धा डाव्या हातानं. आता कुणी काही म्हणत नाही, पण तेव्हा ती घरबुडवी गोष्ट होती. काटोलची आत्या आली की माझं ताट बघून कपाळाला हात लावायची, "डाव्या हातानं घास घेते पोरगी, सासरी काय तोंड दाखवाल गा?" बाबा म्हणायचे, "घेते ना घास? उपाशी तं नाही राहत." तेवढ्यावर विषय संपायचा. आईनं एकदोनदा माझा हात बांधून पाहिला होता, तोही बाबांनीच सोडला. मला डावं-उजवं कधी चटकन कळायचं नाही, अजूनही कळत नाही, क्षणभर थांबावं लागतं. म्हणून मैदानावर माझ्यामागे पळताना बाबा ओरडायचे, "जेवत्या हाताले! जेवत्या हाताले वळव!" साऱ्या जगाचा जेवता हात उजवा. मी वळायची डावीकडे, आणि बाबांना पाहिजे असे तेही डावंच. बघणारे लोक हसायचे, की हा बाप सांगून काय राहिला आणि पोरगी करून काय राहिली.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी कारखान्यात घासकाम चालू असताना लोखंडाची एक बारीक किरच उडून बाबांच्या उजव्या डोळ्यात गेली होती. डोळा लाल झाला, आईनं दूध घातलं, बाबा एका डॉक्टरकडे जाऊन आले, काही दिवसांनी लाली गेली आणि आम्ही ते विसरलो. बाबा विसरले नव्हते. दिवाळी झाली, तुळशीची लग्नं झाली, गुलाबकाकांच्या मुलीचं लग्न झालं. बाबांनी त्या मांडवात पंगती वाढल्या. त्यानंतर आठवडाभरात माझी सायकल पंक्चर झाली म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्यांची काळी घेऊन सदरच्या बाजाराला निघाले, आणि चक्कीच्या कोपऱ्यावरच नालीत गेले.

मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा बसले. हँडल सरळ धरलं की सायकल डावीकडे जाते. जी मुकी जन्मात कधी वाकडी गेली नव्हती, ती मला धरून धरून कडेला नेत होती. उतरून समोरून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं: चाक सरळ ठेवलं की हँडल तिरपं राहतं, उजवी मूठ मागे आणि डावी पुढे. सीटचं नाकही थोडं फिरवलेलं. पडून असं झालं असेल म्हणावं तर कुठे ओरखडा नाही, बोल्टवर पाना लागल्याच्या ताज्या खुणा. कुणीतरी मुद्दाम, हातानं, असं बसवलं होतं. मी रस्त्यातच उभी राहून त्या तिरप्या हँडलला साजेसं बसून पाहिलं. दोन्ही मुठी धरल्या की खांदे आपोआप उजवीकडे वळले, आणि खांद्यांबरोबर मान. असं बसलं की डावा डोळा अख्ख्या रस्त्यावर येत होता. मी सदरला गेलेच नाही, सायकल हातात धरून परत आले.

संध्याकाळी जेवताना मी बाबांकडे बघत होते. त्यांनी तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं. आधी तांब्याचा काठ पेल्याला टेकवला, टिंग असा आवाज झाला, मग तांब्या वाकवला. हा आवाज मी कित्येक दिवस ऐकत होते. घरात चक्कीची टुकटुक तशी ही टिंग, असंच धरून चालले होते.

"बाबा, सायकलचं तोंड काहून फिरवलं?" मी विचारलं.

"मले तसंच बरं पडते."

"तुमाले उजव्या डोळ्यानं दिसते का?"

त्यांनी घास खाली ठेवला. आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "पोरीले सांगा ना. मले तं सांगितलं नाही, म्या पाण्याच्या आवाजावरून वळखलं." बाबांनी पेला बाजूला सरकवला. मग म्हणाले, "उजेड दिसते. माणूस दिसत नाही."

"अन् क्रेन?"

"क्रेन चालून राहिली ना. एका डोळ्यानं दुनिया चालते. माझा अंदाज पक्का आहे."

आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "पेल्यात पाणी ओताचा अंदाज नाही तुमाले," ती म्हणाली, "अन् गुलाबभाऊजींच्या डोक्यावरून गर्डर फिरवता." त्यावर बाबा उठून गेले. ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली. आमच्या घरात ताटात टाकून कुणी उठत नसे.

आईचं म्हणणं एवढंच, की आजच्या आज साहेबाला सांगा. बाबांचं म्हणणं, सांगितलं की क्रेन जाईल, आणि क्रेनशिवाय दुसरं काही येत नसलेल्या एका डोळ्याच्या माणसाला कोण ठेवील? नवं वर्ष लागलं की कारखान्यात डोळ्यांची तपासणी होती, तेव्हा जे व्हायचं ते होईल. तपासणीलाही त्यांनी मनात तोड काढून ठेवली असावी, रांगेत पुढच्यांची अक्षरं ऐकून पाठ करण्याची. तसं ते एकदा बोलून गेले आणि लाजले. आई त्यांच्याशी बोलेनाशी झाली. डबा करायची, समोर ठेवायची, बोलायची नाही. मी दोघांच्या मध्ये सापडले. मला बाबांची दया यायची आणि रागही यायचा, आणि सगळ्यात जास्त भीती वाटायची, की आज गुलाबकाका जिवंत घरी जातील की नाही. निदान रस्त्यावर तरी ते एकटे नकोत म्हणून मी सांगून टाकलं, की सकाळी मी तुमच्यासोबत कारखान्यापर्यंत येणार आणि तिथून कॉलेजला जाणार. बाबा म्हणाले, काही गरज नाही. मी दुसऱ्या दिवशी सायकल काढून दारात उभी.

तो रस्ता आजच्यासारखा रुंद नव्हता. कोराडीकडून राखेचे ट्रक यायचे, कोळशाचे ट्रक जायचे, आणि सायकलवाल्याला कडेची मुरमाची पट्टी. बाबा पुढे, मी त्यांच्या मागे थोडी उजवीकडे, म्हणजे त्यांच्या आंधळ्या बाजूला. ट्रकचा आवाज आला की मी घंटी वाजवायची, ते कडेला सरकायचे. माझी घंटी मी डाव्या मुठीशी लावून घेतली होती, अंगठा तिच्यावर कायम. कारखान्याच्या अलीकडे एका नाल्याशी रस्ता खाली उतरून अरुंद पुलावरून पुन्हा चढायचा. त्या उतारावर मी जीव मुठीत धरून असायची. मुकी तिथे सुसाट सुटायची, बाबा तिला अडवतच नसत, पुढच्या चढाला तो वेग कामी येतो म्हणून. माझी तोंडाळ वेग वाढला की थरथरायची, तिला दोन्ही हातांनी आवळून धरावं लागे, आणि त्यात घंटी वाजवायची. पूल ओलांडून वर आलो की मी श्वास सोडायची.

फाटकाशी गुलाबकाका भेटायचे. बुटके, रुंद, दात तंबाखूनं काळे, खिशात नेहमी काहीतरी खायचं. "आली का वं बापाची पहारेदार?" म्हणत माझ्या हातावर बोरं ठेवायचे. एकदा म्हणाले, "तुझ्या आईले सांग, काळजी नोको करू. वरती तुझा बाप असला की म्या मान वर करून पाहत पण नाही." मी ती बोरं तशीच दप्तरात टाकली. मी सायकल वळवली आणि निघाले, आणि नाल्याशी येऊन रडले. सांगावं तर बाप जातो, न सांगावं तर हा माणूस जातो. मी कुणाच्या बाजूनं होते ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मग ती धुक्याची सकाळ आली. आमच्याकडे हिवाळ्यात नाल्याकाठी धुकं धरतं, आणि त्यात चिमण्यांचा धूर मिसळला की पुढचा माणूस दिसत नाही, त्याची सायकल तेवढी वाजते. आईनं अबोला मोडला. "काळीचे ब्रेक दवात लागत नाही," ती बाबांना म्हणाली, "आज पोरीची घ्या. हिची तं जागीच थांबते." इतक्या दिवसांनी ती बोलली याचाच त्यांना एवढा आनंद झाला असावा, की ते वाद न घालता माझी लेडीज सायकल घेऊन निघाले, गुडघे हँडलला लागत होते तरी. मी काळीवर. आईनं जीव वाचावा म्हणून जे केलं ते बरोबरच होतं. तिला सायकल चालवता येत नव्हती, एवढंच. त्या हँडलचं तिला कुठून कळणार?

मला ते मैलभर गेल्यावर कळायला लागलं. बाबांचे खांदे इतक्या महिन्यांत उजवीकडे वळलेलेच राहिले होते. स्वतःच्या सायकलवर त्याला साजेसं हँडल होतं. माझ्या सायकलचं हँडल सरळ. तेच वळलेले खांदे घेऊन ते धरलं की उजवी मूठ मागे ओढली जायची आणि सायकल उजवीकडे, रस्त्याच्या मधात निघायची. ते ओढून परत आणायचे, ती पुन्हा जायची. मुकी असती तर तिनं ऐकलं नसतं. ही तोंडाळ, हाताचं जरासं म्हणणंही ऐकणारी. आणि मी मागे त्यांच्या तिरप्या हँडलवर, मला ती डावीकडे नेत होती. दोघंही दुसऱ्याच्या अंगावर बेतलेल्या वस्तूवर बसून धुक्यात चाललो होतो. मी दोनदा म्हटलं, बाबा, उतरू, पायी जाऊ. ते म्हणाले, "ड्यूटीले उशीर होते."

नाल्याचा उतार आला. सायकल हलकी, त्यांचं वजन जास्त, ती पळायला लागली. आणि मागून ट्रकचा आवाज आला. भरलेला, उतारावर गिअर बदलणारा. बाबांनीही ऐकला, कारण त्यांनी मान आणखी उजवीकडे वळवली, बघायला, आणि मानेबरोबर खांदे गेले आणि खांद्यांबरोबर हँडल. मला त्यांची पाठ रस्त्याच्या मध्यावर जाताना दिसली. मी डावा अंगठा दाबला. तिथे घंटी नव्हती. काळीची घंटी उजव्या मुठीशी, आणि माझ्या अंगठ्याखाली नुसती गार सळई. ट्रक माझ्या बाजूनं पुढे निघाला, त्याचा वारा माझ्या तोंडावर आला. माझ्या तोंडातून काय निघावं? "डावीकडे" नाही, "कडेला" नाही.

"जेवत्या हाताले! बाबा, जेवत्या हाताले!"

कुणीही माणूस उजवीकडे वळला असता. जन्मभर उजव्या हातानं जेवलेला माणूस. पुढे उजवीकडे ट्रकचं चाक होतं. बाबा डावीकडे वळले. माझ्या सायकलनं लगेच ऐकलं, पुलाचा कठडा सुरू व्हायच्या हातभर आधी ती रस्ता सोडून खाली गेली आणि बेशरमच्या झाडोऱ्यात घुसली. ट्रक गेला. त्याला काही कळलंही नसेल.

मी काळी तिथेच टाकून खाली धावले. बाबा चिखलात बसले होते, कपाळावर ओरखडा, डबा उघडून झुणका सांडलेला. "लागलं का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "ट्रक इतक्या जवळ होता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होता. "मले दिसला नाही वं, सुमे," ते म्हणाले. इतक्या दिवसांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. मी रडत होते, आणि रडता रडता म्हटलं, बाबा, मी जेवता हात म्हटलं, तुमी उजवीकडे गेले असते तं? मी वेडी असल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. "तुझा जेवता हात मले ठाऊक नाही का?" ते म्हणाले. एवढंच. मला त्या चिखलात त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि मी पडले. वयात आल्यावर मुलीनं बापाला असं धरायची आमच्यात रीत नव्हती, पण धुक्यात बघायला कोण होतं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "तू ओरडली म्हणून म्या वळलो. तिथं वरती गुलाब कितीबी ओरडला तरी मले आयकू येत नाही." मग ते उठले, डबा पुसला, आणि "माझी मुकी दे," म्हणून काळी हातात घेतली. आम्ही दोघंही पायी कारखान्यापर्यंत गेलो. ते काय करणार आहेत ते मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं, की मला माहीत आहे. मला वाटलं ते साहेबाच्या खोलीत जातील. ते गेले गुलाबकाकांकडे.

गुलाबकाका फाटकाच्या आत शेकोटीशी उभे होते. चिखल बघून हसले. बाबा म्हणाले, "गुलाब, मले उजव्या डोळ्यानं दिसत नाही."

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

गुलाबकाकांचं हसू गेलं. शेकोटीतलं एक लाकूड त्यांनी पायानं आत सरकवलं, मग पुन्हा बाहेर ओढलं. मी शिव्यांची वाट बघत होते. मारलं असतं तरी मला चाललं असतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्या मधात माझ्या पोरीचं लगन झालं. तू माझ्या मांडवात वाढायले होता. तवा तं सांगाचं होतं गा." आणि वळून आत निघून गेले. बाबांनी त्यांच्या पाठीला हाक मारली नाही. ते साहेबाच्या खोलीकडे गेले आणि मी फाटकाबाहेर दोन सायकली धरून उभी राहिले.

नोकरी गेली नाही. इतक्या वर्षांचा माणूस म्हणून त्यांना फाटकावर बसवलं, स्टुलावर, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लक्ष ठेवायला. पगार कमी झाला, आईनं शेवया-पापड करायला घेतले, मी शिकवण्या धरल्या. ते सगळं पार पडलं, त्याचं मला विशेष काही आठवत नाही. क्रेनवर नवा माणूस आला. आई बाबांशी बोलायला लागली, इतकी की बाबा म्हणायचे, मुकी होती तेच बरं होतं. पण बाबांचं चित्त घरात नसायचं. गुलाबकाकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आमच्या घरी येणं बंद, रामराम बंद. आणि एक गोष्ट बाबांनी मला खूप दिवसांनी सांगितली. फाटकातून आत जाताना स्टुलावरच्या बाबांच्या डावीकडूनही जाता यायचं आणि उजवीकडूनही. गुलाबकाका रोज उजवीकडून जायचे. बाबांना दिसू नये म्हणून. "पावलं वळखू येते मले त्याचे," बाबा म्हणाले, "म्या मान वळवून पाहत नाही. त्याले नाही दिसाचं मले, तं काहून पाहू?"

मला गुलाबकाकांचा राग आला नाही. आजही येत नाही. त्यांनी मान वर करून बघितलं नव्हतं, ते ज्याच्या भरवशावर, त्यानंच त्यांना अंधारात ठेवलं होतं. बाबांनाही ते कळत होतं. माफ कर म्हणून ते कधी त्यांच्या घरी गेले नाहीत. जाण्याचं तोंड नाही, असं म्हणायचे. रोज काळी काढायचे, तिरप्या हँडलवर तिरपे बसून जायचे, आणि संध्याकाळी येऊन हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसायचे. हिवाळा गेला. संत्री संपली, उन्हं तापायला लागली, आईनं खिडकीला वाळ्याची ताटी बांधली.

एका संध्याकाळी ते आले आणि सायकल भिंतीला टेकवायची विसरून तशीच धरून दारात उभे राहिले. चक्की तेव्हा नुकतीच बंद झाली होती.

"आज गुलाब डावीकडून गेला," ते म्हणाले.

आई चुलीपासून उठून आली. "बोलले काही?"

"नाही."

"मंग?"

"डावीकडून गेला," बाबा पुन्हा म्हणाले, "सावकाश. म्या त्याच्याकडे पाह्यलं. त्यानं माझ्याकडे पाह्यलं." मी त्यांच्या हातातून सायकल घेतली. बाबांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि पाणी दोन्ही डोळ्यांतून येत होतं, बघत्याइतकंच आंधळ्यातूनही.